सातवी बांधी

ऑपेरा घेऊन गोंदियाला चालले आहे, असं मी नाशिकमध्ये ज्याला ज्याला सांगितलं त्यानं आधी एकदा माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, तिकडे सगळं जंगलच ना हो? मी म्हटलं, हो, आणि पहिली रांग वाघांसाठी राखून ठेवली आहे. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे आमच्या गल्लीला ठाऊक आहे, त्यामुळे पुढे कोणी काही बोललं नाही. आता परत आले आहे. पायाच्या नखांतला चिखल अजून पुरता निघालेला नाही, आणि जे तिकडे कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहायला बसले आहे.

ऑपेरा म्हणजे काय, ते आधी सांगून टाकते. आपल्या संगीत नाटकात माणसं बोलता बोलता गातात. ऑपेरात ती बोलतच नाहीत, जे काय असेल ते गाऊनच. मी त्याला संगीत देते आणि वादकांपुढे उभी राहून हात हलवते. दोन वर्षांपूर्वी कोहमाऱ्याच्या पुढच्या हिरडीटोला नावाच्या लहानशा गावात मी धानाच्या रोवणीचं, म्हणजे भातलावणीचं, एक गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं. शाळेच्या खोलीत सतरंजी घालून, मधोमध माइक ठेवून. गाण्यात गोष्ट आहे. सुनेला माहेरी जायचं असतं. सासू म्हणते, सात बांध्या एका दिवसात एकटीनं रोव आणि मग जा. बांधी म्हणजे बांध घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा. सून एकेक बांधी रोवत जाते, माहेरचा बगळा येऊन बांधावर बसतो, उन्हं चढतात, कंबर मोडते. गाणं सहाव्या बांधीपर्यंत आलं आणि थांबलं. बायका उठल्या, चहा झाला. शेवट विसरल्या असतील, असं माझं मीच ठरवलं आणि नाशिकला येऊन शेवट लिहिला. सातव्या बांधीत सून मरते. एकटी, बारा मिनिटं गात.

पहिला प्रयोग गोंदियातच करीन, असं मी तेव्हा त्या बायकांना कबूल केलं होतं. म्हणून रविवारी सकाळी अकराचा प्रयोग, पुढच्या दोन रांगा हिरडीटोल्याच्या. पुढं पुणं, मुंबई. सगळं ठरलेलं होतं. फक्त शेवटचा प्रवेश काही केल्या चढत नव्हता. तालमीला बोलावलेली मंडळी त्या मरणानंतर "छान झालं" म्हणायची, आणि ते अगदी उपमा छान झालाय म्हणतात तसं.

गोंदिया, बुधवार

माझ्याबरोबर मधुरा होती. सुनेचं काम तिचं. एकोणतीस वर्षांची, गळा असा की मी एरवी कोणाचं कौतुक करत नाही तरी तिचं करते. सहा वादक आदल्या दिवशीच पोचले होते. स्टेशनाबाहेर ऑटोवाल्यानं सामान चढवता चढवता विचारलं, पोग्राम किसका है मॅडम? गोंदिया शहर मराठी मुलखात असलं तरी बाजारात हिंदी बोलतं. मी त्याला माझ्या हिंदीत ऑपेरा समजावला. भांडण असलं तरी गाऊन, प्रेम असलं तरी गाऊन. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "मतलब मरते टाइम भी गाते हैं?" मी म्हटलं, खास करून तेव्हाच. "फिर ठीक है," तो म्हणाला, "हमारे यहाँ नाटक में ऐसा ही चलता है. पब्लिक आएगी." पुण्यातल्या जाणकारांना समजवायला मला तीन बैठका लागल्या होत्या. इथं राइस मिलच्या वासातून शहराला लागूनच्या कुडव्यापर्यंत पोचायच्या आत काम झालं.

कुडव्यात उतरण्याची सोय होती आणि जवळच एका मंगल कार्यालयात तालमीची. संध्याकाळी चौकात आलूबोंडा खाल्ला. आमच्याकडे बटाटेवडा कोरडा हातात देतात, इथं तो प्लेटमध्ये फोडून त्यावर लाल तर्री ओततात. मधुरानं गळ्यासाठी नको म्हटलं आणि माझ्या प्लेटमधला अर्धा खाल्ला.

हिरडीटोला, गुरुवार

जानेवारीचा शेवट. सकाळी गाडीच्या काचा खाली केल्या तर कान दुखावेत अशी थंडी. उन्हाळी धानाची रोवणी चालू होती. ज्या गावांना तलावाचं पाणी मिळतं तिथं हे दुसरं पीक घेतात. मधेच तपकिरी, मधेच कोवळी पोपटी, मधेच नुसतं आकाश दिसेल अशी पाण्यानं भरलेली जमीन. आमच्याकडे या दिवसांत द्राक्षांच्या बागेत औषध फवारतात. इथं बायका वाकून ओळीनं मागे मागे सरकत होत्या.

परबताबाई अंगणात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. पासष्टीच्या आसपासची, ठेंगणी, कोणाकडेही पूर्ण तोंड वर करून न बघणारी. दोन वर्षांपूर्वी गाणं तिनंच सांगितलं होतं. गावात रोवणीला कोणतीही टोळी निघाली की पहिली ओळ तिची. तिला, मी आले याचं आश्चर्य वाटलं नाही. "बसा न जी" म्हणाली आणि सुपातल्या निम्म्या शेंगा माझ्यापुढे लोटल्या. सात-आठ बायका जमल्या. मी मोठ्या कौतुकानं स्पीकर काढला आणि तालमीचं ध्वनिमुद्रण लावलं.

सुरुवातीला त्या हसल्या. व्हायोलिनवर आपली ओळ ऐकून एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं.

पयल्या बांधीत ठेवला पाय, पानी लागते घोट्याले,
मायच्या गावचा बगळा बाई बसला येऊन धुऱ्याले.

धुरा म्हणजे बांध. तिसऱ्या बांधीला परबताबाईचं अंग किंचित हलायला लागलं आणि मग थांबलं, काहीतरी अडल्यासारखं. तेव्हा मला वाटलं, वय झालं. मग सातवी बांधी आली. मधुराचा स्वर वर वर जात राहिला, खाली चेलोचा खर्ज, आणि सून चिखलात कोसळली. मी डोळे मिटून ऐकत होते. उघडले तर सगळ्या शेंगा सोलायच्या थांबलेल्या.

"मेली?" परबताबाईनं विचारलं.

मी हो म्हटलं.

"काऊन मारली जी?"

आता मी कलावंत ना. मी व्याख्यान दिलं. ऑपेरात नायिका शेवटी जाते, जगभर जाते, त्यानं सुनेचं दुःख मोठं होतं, ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घालतं. ती शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "मेली त मंग माहेरी कोन गेली?"

तिनं सूप उचललं. बाकीच्या उठायला लागल्या. मी रविवारच्या गाडीचं विचारलं, त्यावर ती पाठमोरीच बोलली. "आमी नाही येत. आमच्याच पोरीच्या मातीले आमाले कायले बोलावता?"

माती म्हणजे अंत्यविधी. माझी तर पाचावर धारण बसली. ज्यांच्या गोष्टीवर दोन वर्षं जगले त्यांनीच पाठ फिरवली तर तो प्रयोग कोणासाठी करायचा? त्यांच्या दोन रिकाम्या रांगांपुढे उभं राहून मी हात हलवू शकले नसते, आणि नंतर पुण्यातही नाही. मला राग आला, आणि सांगायला लाज वाटते, पण आधी त्यांचाच आला. ते पुरुष असते तर मी भांडलेच असते. मग दारापर्यंत गेले, परत फिरले आणि दोन वर्षांपूर्वी जे विचारायला हवं होतं ते विचारलं. गाण्याला शेवट आहे का?

"हाय न," परबताबाई म्हणाली.

मग तेव्हा का नाही गायलात? यावर मात्र तिनं तोंड वर करून माझ्याकडे पाहिलं. तिनं जे सांगितलं ते असं, की शेवट गायचा तो शेवटच्या बांधीत, हातात रोपं असताना. आधीच गायला तर उरलेला रोवणा अडतो. मी त्यांना कुठं बसवलं होतं? सतरंजीवर. बांधी नाही, पाणी नाही, हात रिकामे. त्यांनी सहा बांध्या गायल्या हेच माझ्यावर उपकार. आणि त्यांना वाटलं, बाईला एवढंच पाहिजे असेल, कारण बाईनं पुढं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी यमुनाकाकूंच्या शेतातला रोवणा संपायचा होता. तिकडे या म्हणाली. पण बघायला नको, रोवायला या.

यमुनाकाकूंचं शेत, शुक्रवार

यमुनाकाकू पोवार घरातल्या. ही मंडळी पिढ्यांपूर्वी माळव्यातून इकडे आली, शेतीत मुरली, घरात अजून आपली पोवारी बोलतात. काकू साठीच्या पुढच्या, उंच, आवाज खणखणीत. आम्ही पोचलो तेव्हा त्या धुऱ्यावर उभं राहून हुकूम सोडत होत्या. ओळ वाकडी झाली, पेंढी इकडे टाक, तिकडे दाट झालं. एकही पाय पाण्यात नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं मी मधुराच्या कानात म्हणाले.

साडी गुडघ्यापर्यंत खोचून मी बांधीत उतरले आणि दुसऱ्या पावलाला बसकण मारली. पाणी बर्फासारखं गार. मधुरा हसली, मग तीही बसली. परबताबाईनं मला काखेत हात घालून उठवलं, डाव्या हातात रोपांची पेंढी दिली आणि शिकवलं. वाकायचं, तीन रोपं सुटी करायची, अंगठ्यानं दाबायची, आणि मागे सरकायचं. पुढे नाही. पुढे गेलं तर आपणच रोवलेलं तुडवतो.

गाणं सुरू झालं आणि पंधरा मिनिटांत माझं दोन वर्षांचं शहाणपण चिखलात गेलं. ध्वनिमुद्रणात त्यांच्या प्रत्येक ओळीनंतर एक मात्रा जास्तीची यायची. सात मात्रा चालत चालत मधेच हे काहीतरी लंगडं. मी ठरवलं होतं, की बायका वयस्क आहेत, दम पुरत नाही. म्हणून ती मात्रा कापून मी चाल सरळ करून टाकली होती. तालमीत सगळे म्हणत, कुठंतरी ओढ कमी पडतेय, आणि मी वादकांवर ओरडत असे. ती मात्रा दमाची नव्हतीच. तेवढ्यात पाय चिखलातून उपसून मागे टाकायचा असतो. शाळेच्या सतरंजीवर बसूनही त्यांच्या गळ्यानं तो पाय उपसला होता. मी कंबर धरून उभी राहिले आणि स्वतःलाच मोठ्यानं "गाढव" म्हणाले. शेजारच्या बाईला वाटलं, तिला म्हटलं. तिची समजूत घालण्यात एक ओळ गेली.

दुपारी धुऱ्यावर जेवण. भात, लाखोळीची डाळ, सुक्या झिंग्यांची चटणी. मी नाशिकची, भाकरी लागते म्हणणारी, पण तो भात मी तीनदा घेतला. मधुरा चौथ्यांदा घेताना मी दुसरीकडे पाहिलं.

उरली शेवटची बांधी. आणि बघता बघता आजूबाजूच्या शेतांतून बायका यायला लागल्या. कोणी बोलावलं नव्हतं. हातपाय धुतलेले होते, तरी पुन्हा साड्या खोचून पाण्यात. शेवटच्या बांधीला अशाच येतात, परबताबाई म्हणाली, आज आपण यांच्याकडे, उद्या त्या आपल्याकडे. पंचवीस-तीस बायका एका ओळीत उभ्या राहिल्या आणि गाण्याची सातवी बांधी सुरू झाली. त्या गोष्टीतली सून एकटी राहिलीच नव्हती. सातव्या बांधीत गावच्या बायका तिच्या बाजूला येऊन वाकतात, आणि प्रत्येक जण रोप दाबता दाबता स्वतःच्या माहेराचं नाव घेते. ओळ पाठ केलेली नाही, जिची तिची. जाऊन राहिली म्हणजे जाते आहे.

आमगावची वाट धरली, जाऊन राहिली मी.
देवरीची वाट धरली, जाऊन राहिली मी.
साकोलीची वाट धरली, जाऊन राहिली मी.

एकेकीचा आवाज वेगळा, पट्टी वेगळी, आणि पुढची आधीच्या आवाजातूनच आपला सूर उचलायची. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हात चिखलाचे, पुसायची सोय नाही.

बांधी एका कोपऱ्यात वीतभर उरली आणि सगळ्या थांबल्या. वाकलेल्याच. गाणंही थांबलं. मला वाटलं, आता काय झालं? त्या धुऱ्याकडे बघत होत्या. यमुनाकाकू तोंड फिरवून उभ्या होत्या. मग त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि पाण्यात उतरल्या. परबताबाईनं शेवटची पेंढी त्यांच्या हातात दिली. सकाळपासून खणखणणारा तो आवाज इतका बारीक येईल असं वाटलं नव्हतं. "लांजीची वाट धरली, जाऊन राहिली मी."

सासूही कुठून तरी आलेलीच असते. ती पाण्यात उतरल्याशिवाय सातवी बांधी सरत नाही आणि सून सुटत नाही. हा शेवट. माझ्या ऑपेरात सासूला मी गळाच दिला नव्हता. ती फक्त ढोल होती, पडद्यामागचा. यावर पुण्याच्या एका जाणकारांनी माझी पाठ थोपटली होती.

पाय धुताना मी काकूंना विचारलं, लांजीला कोण असतं? कोणी नाही, त्या म्हणाल्या. भाऊ गेले, घर विकलं. "पन नाव त घ्यावंच लागते न."

कुडवा, शनिवार

शुक्रवारी संध्याकाळी परतीच्या गाडीत मधुरा शेवटच्या प्रवेशाची पानं उलटत होती. मला कळत होतं. ती बारा मिनिटं तिची होती. सात महिने घासलेली, तिच्या गळ्याच्या मापानं बेतलेली. ती ऐकूनच तिला पुढची कामं मिळणार होती. आणि मी ती कापायला निघाले होते, प्रयोगाला दीड दिवस उरला असताना. कुडव्याला पोचेपर्यंत मी मनात तीन प्रकारच्या माफ्या तयार केल्या. उतरता उतरता तीच म्हणाली, "ताई, मरायला मला बारा मिनिटं दिली होतीत. माहेरी जायला किती देणार?"

"लागतील तेवढी," मी म्हटलं. मला तिला मिठी मारायची होती, पण माझा स्वभाव आड आला. मी तिला लवकर झोपायला सांगितलं.

शनिवारी सकाळी परबताबाई सात जणींना घेऊन मंगल कार्यालयात हजर. सून जिवंत आहे म्हटल्यावर त्या यायला तयार झाल्या होत्या, आणि गायलाही. आणि तिथून खरी पंचाईत सुरू झाली. मी त्यांना लोकांकडे तोंड करून उभं केलं. परबताबाईनं मान हलवली. "असा रोवना होतो का? मागं जाच्या जागी पुढं आल्या त तुडवून टाकतीन." गायकानं प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. मी तासभर वाद घातला आणि हात टेकले. ठरलं, की बायका रंगमंचाच्या मागच्या टोकाला ओळ धरतील आणि प्रेक्षकांकडे पाठ करून मागे मागे त्यांच्याच दिशेनं येतील. एकदा करून पाहिलं आणि मधुरा म्हणाली, ताई, अंगावर काटा आला. पाठ दाखवूनही आवाज कमी नव्हता झाला. उलट त्या आपल्यात येऊन मिसळताहेत असं वाटत होतं.

मग माझा हात. मी हात हलवायचे आणि कोणी बघायचंच नाही, कारण रोवताना नजर खाली असते. मी ओरडले. त्या थांबल्या, माझं ओरडणं संपू दिलं, आणि पुन्हा आपल्या लयीत सुरू झाल्या. शेवटी चेलोवाल्यानं युक्ती काढली. तो खाली बसतो, त्याला परबताबाईची टाच दिसते. टाच उचलली की तो गज ओढायचा आणि बाकीचे पाचही त्याच्यामागून. मी कापलेली ती मात्रा परत आली, आणि दोन वर्षं जे ओढून चालत नव्हतं ते आपोआप चालायला लागलं. वादक एकमेकांकडे बघून हसत होते, मी मधे उभी, हात नुसते लोंबकळत.

राहता राहिली सासू. आयत्या वेळी गायिका कुठून आणायची? यमुनाकाकूंना विचारलं, त्यांनी रंगमंचाचं नाव काढताच कानाला हात लावला. मी परबताबाईला म्हटलं, तुम्हीच घ्या. ती पाणी पीत होती. तांब्या खाली ठेवून म्हणाली, "सकाळपासून धुऱ्यावर उभी राहून कोन हुकूम सोडून राहिली? सासू त तुमीच हाव."

सगळे इतके हसले की मला रागवायला जागाच राहिली नाही. माझा आवाज फाटका आहे. विशीत गायचे, मग सोडलं, कारण मला स्वतःला ऐकवत नव्हतं. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, काकूंचा कुठं मोठा गोड आहे?

गोंदिया, रविवार

सभागृह भरलं. हिरडीटोल्याच्या दोन रांगा तर भरल्याच, मागे शहरातली हिंदी बोलणारी कुटुंबं, शेजारच्या गावांतून आलेल्या बायका, कडेनं उभी माणसं. आमचा ऑटोवाला सहकुटुंब आला होता आणि शेजाऱ्याला ऑपेरा समजावत होता. यमुनाकाकू पहिल्या रांगेत. छोटासा घोळ झाला. बायकांच्या पायांचा ओला आवाज यावा म्हणून अंथरलेली भिजवलेली पोती दोनदा घसरली आणि मधुरा दुसऱ्या बांधीतच एका गुडघ्यावर आली. तिनं तीच जागा रोवून टाकली आणि पुढे सरकली, म्हणजे मागे. लोकांना वाटलं, बसवलेलंच आहे.

सहा बांध्या कशा गेल्या मला आठवत नाही. सातवी आठवते. मधुरा एकटी, वाकलेली, तिच्या तोंडी मी ठेवलेल्या चारच ओळी. मग मागच्या अंधारातून परबताबाईची हाक, आणि आठ पाठी आमच्याकडे यायला लागल्या. देवरीची वाट. साकोलीची वाट. तिरोड्याची वाट. आठवी संपली, आता माझी पाळी, म्हणून मी हात खाली केले. इतक्यात प्रेक्षकांतून एक बाई उभी राहिली. कोण कुठली, मला आजही माहीत नाही. "सालेकश्याची वाट धरली, जाऊन राहिली मी." मग तिच्या मागची. मग उजवीकडून दोघी एकदम. एकीनं बालाघाट म्हटलं, एकीनं थेट रायपूर, आपल्या छत्तीसगढीत, आणि तेही बरोबर बसलं. चेलोवाला वाजवतच राहिला, त्याला दिसणारी टाच थांबत नव्हती. किती वेळ गेला ते बघायला मी घड्याळ बांधलेलं नव्हतं.

मग सगळं थांबलं, आणि त्या आठ जणी वाकलेल्याच राहिल्या. मधुराही. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. मी चपला काढल्या. ओल्या पोत्यांवर पाय ठेवला, परबताबाईनं माझ्या हातात पेंढी दिली, खरी, शेतातून आणलेली, मुळांना माती असलेली. आईला जाऊन बारा वर्षं झाली, चांदवडचं घर आता चुलतभावाकडे आहे आणि आमचं बोलणं नाही. मी तोंड उघडलं. सूर लागला की नाही, ते मला माहीत नाही. "चांदवडची वाट धरली, जाऊन राहिली मी."

मधुरानं कंबर सरळ केली. पहिल्या बांधीपासून वाकलेली ती पहिल्यांदा ताठ उभी राहिली, आणि नुसता आकार गात रंगमंचावरून खाली उतरली. मधल्या वाटेनं, लोकांच्या मधून, थेट मागच्या दारापर्यंत. दार उघडलं, दुपारचं ऊन आत आलं, ती बाहेर गेली. तिचा आवाज रस्त्यावरून येत राहिला, रिक्षांच्या हॉर्नमधून, मग ऐकू येईनासा झाला.

आणि मग जो गलका झाला त्याचं वर्णन मी करत नाही, केलं तर बढाई होईल. करतेच. लोक उभे राहिले, बायका रडत होत्या आणि हसतही होत्या, यमुनाकाकू मागे वळून त्या उघड्या दाराकडे बघत टाळ्या वाजवत होत्या, आणि माझ्या आयुष्यात मी असं काही ऐकलेलं नाही. गर्दीतून परबताबाई माझ्याकडे आली. मी वाट बघत होते, काय म्हणते. "सासू बरी जमली तुमाले," ती म्हणाली आणि आपल्या बायका गोळा करायला गेली.

कोहमारा, सोमवार

मधुरा आणि वादक गोंदियाहून रेल्वेनं गेले. मी हिरडीटोल्याला सगळ्यांना भेटून कोहमाऱ्याला आले, तिथून हायवेनं नागपूरची बस धरायची होती. ढाब्यावर चहा सांगितला. ट्रक धुरळा उडवत होते, ढाब्याच्या मागे पाण्यानं भरलेली शेतं, आणि त्यांत पाच-सहा बायका रोवत होत्या. त्या गात होत्या. ओळखीची एकही नव्हती, त्यातली एखादी काल सभागृहात असेल, नाहीतर कोणाकडून ऐकलं असेल.

मी कप घेऊन मागच्या बाजूला गेले. त्या पाचवी बांधी गात होत्या. शब्द त्यांचे, पण चाल माझी. त्यांच्या गाण्यात सातही बांध्यांना चाल एकच असते. पाचव्या बांधीला मी नाशिकला माझ्या टेबलावर बसून नवी चाल बांधली होती, परकी वाटेल की काय या धास्तीनं चारदा खोडून. तीच त्या गात होत्या, मागे सरकत, पाय उपसत, जशी काही आज्या-पणज्यांपासून चालत आली आहे. एकाच ठिकाणी त्यांनी ती बदलली होती. सून थकली हे दाखवायला मी तिथं कोमल गंधार ठेवला होता. त्यांनी तो सरळ शुद्ध करून टाकला होता, आणि ओळ उजळून निघाली होती.

बस आली, गेली. मी पिशवीतून स्वरलिपीची वही काढली, पाचवी बांधी उघडली आणि माझा गंधार खोडून त्यांचा लिहिला.